डावा पुढचा टायर

2 ऑगस्ट 2020 रोजी लुईस हॅमिल्टनने फॉर्म्युला वन मोटार शर्यतींमधली ब्रिटिश ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्याच्या मर्सिडीजच्या एका चाकात हवाच उरली नव्हती. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरच्या चिंध्या रिमभोवती फडफडत होत्या, रिम रस्त्यावर घासत होती आणि मागून रेड बुल संघाचा मॅक्स व्हर्स्टापेन दर काही सेकंदांनी अंतर तोडत येत होता. कोविडमुळे सिल्व्हरस्टोनचे स्टँड रिकामे होते. हॅमिल्टन 5.856 सेकंदांनी जिंकला. त्या शेवटच्या फेरीबद्दल भरपूर बोललं गेलं. मला मात्र त्या टायरचीच गोष्ट सांगायची आहे, कारण त्याचं मरण शेवटच्या फेरीच्या बरंच आधी सुरू झालं होतं.

सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक 5.891 किलोमीटरचा. गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, म्हणजे एकूण हिशोबात उजवीकडची वळणं भारी पडतात. कॉप्स, स्टो, अ‍ॅबी ही नावं शर्यतीच्या चाहत्यांना तोंडपाठ असतात, आणि ही सगळी वेगात घ्यायची उजवी वळणं आहेत. बस उजवीकडे वळली की आपण डावीकडे कलंडतो, तसाच गाडीचा भार डाव्या चाकांवर सरकतो. वळणात शिरताना गाडीचं तोंड फिरवायचं काम पुढच्या चाकांचं. म्हणून या ट्रॅकवर सगळ्यात जास्त मार खातो तो डावा पुढचा टायर.

त्यात पंखांची भर पडते. फॉर्म्युला वनच्या गाडीचे पंख विमानाच्या उलट काम करतात, हवेच्या जोरावर गाडीला रस्त्याकडे दाबतात. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. 2020 च्या नियमांनुसार गाडीचं वजन ड्रायव्हरसकट किमान 746 किलो असावं लागे, पण मोठ्या वेगात हवेचा दाब या वजनालाही मागे टाकतो. आदल्या दिवशी हॅमिल्टनने पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली ती 1 मिनिट 24.303 सेकंदांच्या फेरीने. सरासरी वेग ताशी 251 किलोमीटरच्या वर, आणि त्यात हळू घ्यायची वळणंही आली! अशा वेगात एखाद्या वळणावर डाव्या पुढच्या टायरवर काय गुदरत असेल, ते डोळ्यांसमोर आणून बघा.

तो टायर जवळून बघू. व्यास सुमारे 67 सेंटिमीटर, म्हणजे परीघ 2.1 मीटर. एका फेरीत तो जवळपास 2800 वेळा फिरतो. ताशी 250 च्या वेगात सेकंदाला 33 गिरक्या. प्रत्येक गिरकीत रबराचा प्रत्येक भाग एकदा रस्त्याला टेकतो, काही हजारांश सेकंदांत चपटा होतो, बाजूला ताणला जातो आणि सुटून पुन्हा गोल होतो.

रबर चांगल्या स्प्रिंगसारखं वागत नाही. स्प्रिंग दाबून सोडली की दिलेली ऊर्जा बहुतेक सगळी परत मिळते. रबराचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतलेले असतात, वाकताना ते आपसांत घासतात आणि ऊर्जेचा काही हिस्सा उष्णता होऊन आतच राहतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात. पकड मिळते तीही याच गुणामुळे: डांबरातल्या बारीक खडबडीत टोकांवरून सरकताना रबर त्यांच्याभोवती बसतं आणि ऊर्जा गिळत गिळत गाडीला धरून ठेवतं. ज्या गुणामुळे गाडी वळणात टिकते, तोच गुण टायरला आतून तापवतो. पदार्थविज्ञानातल्या या कोड्याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

आता शर्यतीकडे. एकूण 52 फेऱ्यांपैकी बाराव्या फेरीत डॅनिल क्वियाटची गाडी आदळली आणि सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी, ट्रॅकवर आली. सगळ्यांचा वेग कमी झाला की पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, जाण्यात कमी वेळ वाया जातो, म्हणून बहुतेक गाड्या तेव्हाच आत वळल्या आणि हार्ड, म्हणजे कडक रबराचे जास्त टिकणारे टायर चढवून बाहेर आल्या. मर्सिडीजच्या दोन्ही गाड्याही त्यात होत्या. वेळेच्या हिशोबात निर्णय चोख होता. पण आता तेच टायर शेवटपर्यंत पुरवायचे होते, म्हणजे सुमारे 39 फेऱ्या. गुणाकार करा: 2800 गुणिले 39, एक लाख नऊ हजारांच्या आसपास. इतक्या वेळा तो टायर दबून सुटणार होता.

तार एकदा वाकवून तुटत नाही, पण वाकवत राहिलं तर तुटते. टायरच्या रबराखालच्या धाग्यांच्या सांगाड्यालाही असाच थकवा येतो. वरून रबराचा थर दर फेरीला झिजत असतो. हा थर पकड देतो, शिवाय खालच्या सांगाड्याचं चिलखतही असतो. चिलखत पातळ होत गेलं तसा सांगाडा उघडा पडत गेला, आणि वळणांचा भार काही कमी झाला नाही.

मग शेवटच्या तीन फेऱ्यांत हिशोब चुकता झाला. आधी मर्सिडीजच्याच दुसऱ्या गाडीतल्या वाल्टेरी बोटासचा टायर गेला, मग कार्लोस साइन्झचा आणि अखेर हॅमिल्टनचा. तिन्ही वेळा डावा पुढचाच. आधी संशय होता तो किमी रायकोनेनच्या गाडीच्या तुटलेल्या पुढच्या पंखाच्या तुकड्यांवर. टायर बनवणाऱ्या पिरेलीने तपासाअंती सांगितलेलं कारण वेगळं होतं: टायरचा फार लांबलेला वापर, आणि तोवरच्या सर्वांत वेगवान फॉर्म्युला वन गाड्यांनी टायरवर टाकलेला भार.

बोटासला जवळजवळ अख्खी फेरी तीन चाकांवर काढावी लागली आणि दुसऱ्या स्थानावरून तो अकरावा आला. हॅमिल्टनला पिटमध्ये जाण्यात अर्थच नव्हता, समोर फक्त शेवटची रेषा होती. डावीकडच्या वळणांत भार उजव्या चाकांवर जातो, तिथे निभावलं. पण स्टो आणि क्लब ही शेवटाकडची उजवी वळणं तशीच उभी होती, आणि तिथे गाडी नेमकी नसलेल्या टायरवर रेलणार होती. वेग ठेवला तर गाडी सरळ बाहेर, फार कमी केला तर व्हर्स्टापेन पुढे. त्या दोहोंमधली चिंचोळी वाट त्याने हाताने आणि पायाने शोधली. हे बघताना मी श्वास रोखून बसलो होतो.

व्हर्स्टापेनची चुटपुट वेगळीच. बोटास मागे पडल्यावर सर्वांत वेगवान फेरीचा एक जादा गुण मिळवायला तो अगदी शेवटी नवे सॉफ्ट, म्हणजे मऊ रबराचे जास्त पकड देणारे टायर घालून आला होता. तो गुण त्याला मिळाला, पण पिटमध्ये गेल्याने अंतर तीस सेकंदांच्या पुढे गेलं होतं. ते जवळजवळ सगळं त्याने भरून काढलं, थोडक्यात हुकलं. तो थांबला नसता तर जिंकला असता, असं सरळ म्हणवत नाही. उतरवलेल्या त्याच्या टायरवरही बारीक चिरा आढळल्याचं रेड बुलने सांगितलं.

पुढच्याच रविवारी त्याच ट्रॅकवर दुसरी शर्यत होती, फॉर्म्युला वनच्या सत्तरीनिमित्त. या वेळी टायरची मिश्रणं एक पायरी मऊ होती आणि किमान हवेचा दाब वाढवलेला होता. दाब जास्त असला की टायरच्या भिंती कमी वाकतात, सांगाड्याचे हाल वाचतात. पण टायर जास्त फुगल्याने रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि उष्णता तेवढ्यातच साठते. मर्सिडीजच्या टायरवर फोड उठू लागले. पहिल्या दहांत एकट्या व्हर्स्टापेनने हार्ड टायरवर सुरुवात केली होती. चौथ्या क्रमांकावरून निघून ती शर्यत त्याने जिंकली.