ड्राफ्टचा नंबर पाठ सोडत नाही

जून २०१३. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्सने सगळ्यात पहिलं नाव पुकारलं ते अँथनी बेनेटचं. वय २०, धिप्पाड, कॉलेजचा एक हंगाम गाजवून आलेला कॅनडाचा मुलगा. आणखी तेरा जणांची वर्णी लागल्यावर मिलवॉकी बक्सने ग्रीसच्या दुय्यम लीगमधला अठरा वर्षांचा एक काटकुळा पोरगा उचलला. तो यानिस आंतेतोकुंपो. पहिल्या हंगामात बेनेटने सामन्यामागे जेमतेम ४.२ गुण केले आणि चार हंगामांत चार संघ फिरून तो एनबीएबाहेर पडला. यानिस २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१ मध्ये अंतिम मालिकेच्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले आणि मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलं.

बेनेटसारख्या निवडीला तिथे ‘बस्ट’ म्हणजे फुसका बार म्हणतात, यानिससारखीला ‘स्टील’ म्हणजे स्वस्तात हाती लागलेलं घबाड. अशा जोड्या दाखवून निवड करणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सरासरी काढली तर वरच्या क्रमांकाचे खेळाडू खालच्यांपेक्षा सरस ठरतात आणि दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीतल्या कित्येकांना एनबीएत पाय रोवता येत नाहीत. २०१५ मध्ये डॅलसने पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग ५२ व्या क्रमांकावर निवडला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. म्हणजे अंदाज घाऊक प्रमाणात बरा असतो, पण एकेका खेळाडूपाशी आला की गडगडतो.

याचं पहिलं कारण मोजमापातच आहे. ड्राफ्टआधी खेळाडूंची उंची, उडी, धावण्याचा वेग सगळं मोजतात. दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतरही मोजतात, ज्याला आपल्याकडे ‘वाव’ म्हणतात. शाळेच्या मैदानावर उंच मुलगा हमखास भाव खातो. पण एनबीएच्या दारापर्यंत पोचलेले जवळपास सगळेच उंच असतात. चाळणीतून आधीच गाळून आलेल्यांमध्ये त्याच गुणाचा फरक फारसं काही सांगत नाही. शिवाय जो बुटका असूनही इथवर पोचला, त्याच्याकडे दुसरं काहीतरी जबरदस्त असणार. २००७ मध्ये केविन ड्युरांटला चाचणीतली ८४ किलोंची बार एकदाही उचलता आली नव्हती. पुढे तो बास्केटबॉलच्या इतिहासातल्या सर्वाधिक गुण करणाऱ्यांत जाऊन बसला. त्या वर्षी त्याच्याआधी निवडला गेलेला ग्रेग ओडन गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे एनबीएत फक्त १०५ सामने खेळू शकला.

दुसरं कारण वय. अठराव्या वर्षी घेतलेलं माप हे वाढत्या झाडाचं माप आहे. ड्राफ्टच्या वेळी यानिसची उंची साधारण २०६ सेंटीमीटर होती. नंतर तो जवळपास पाच सेंटीमीटर वाढला.

आकडे बरोबर असले तरी माणसाचे डोळे आड येतात, हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. २००७ मध्येच ह्यूस्टन रॉकेट्सच्या संगणकीय गणिताला स्पेनचा मार्क गॅसोल पसंत पडला होता. पण त्याचा उघड्या अंगाचा एक फोटो कार्यालयात आला. छाती थुलथुलीत होती आणि त्यावरून लोकांनी त्याला एक टोपणनाव देऊन टाकलं. ह्यूस्टनने त्याला घेतलं नाही, लेकर्सने ४८ व्या क्रमांकावर घेतलं. तोच गॅसोल २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. ह्यूस्टनचे प्रमुख डॅरिल मोरी यांनी त्यानंतर खेळाडूंना टोपणनावं ठेवायलाच बंदी केली. एकदा नाव पडलं की सगळं त्या नावातूनच दिसू लागतं, हे त्यांना उमगलं होतं.

ड्राफ्टचा क्रमांक हेही असंच एक नाव. १९९५ मध्ये बॅरी स्टॉ आणि एच. होआंग या संशोधकांनी विचारलं, की मैदानात उतरल्यावर सगळं खेळावर ठरायला हवं, मग ड्राफ्टचा नंबर पुढेही लागू पडतो का? त्यांनी खेळाडूंचे गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), दुखापती, खेळायची जागा हे सगळं हिशेबात धरलं. तरीही वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला जास्त मिनिटं मिळत होती आणि लीगमध्ये तो जास्त वर्षं टिकत होता. याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. ज्याच्यावर पैसा आणि अब्रू लावली, त्याला बाकावर बसवणं म्हणजे आपली चूक चारचौघांत कबूल करणं. चार वर्षांनी कॉलिन कॅमरर आणि रॉबर्टो वेबर यांनी हीच माहिती जास्त कडक निकषांवर तपासली. परिणाम कमी भरला, पण नाहीसा झाला नाही.

२०११ च्या ड्राफ्टमधलं शेवटचं, ६० वं नाव होतं आयझाया थॉमस. उंची पाच फूट नऊ इंच. तिसऱ्या हंगामात त्याने सॅक्रामेंटोसाठी सामन्यामागे २०.३ गुण केले आणि त्याच उन्हाळ्यात सॅक्रामेंटोने त्याला जाऊ दिलं. पुढे बॉस्टनकडून एका हंगामात त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले. बेनेटला मात्र एकामागून एक संघ नव्याने संधी देत राहिले. दोघांचे नंबर उलटे असते तर सॅक्रामेंटोने थॉमसला असं सोडलं असतं का? मला नाही वाटत.

डेन्व्हर नगेट्सने मात्र २०१४ नंतर जे केलं ते मुळातून बघण्यासारखं आहे. २०१४ च्या ड्राफ्टच्या एकाच रात्री त्यांच्याकडे दोन सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, आले. १६ व्या क्रमांकाचा युसुफ नुर्किच आणि ४१ व्या क्रमांकाचा निकोला योकिच. योकिचचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती आणि तो सर्बियात झोपला होता. २०१६ च्या हंगामात प्रशिक्षक मायकल मलोन यांनी दोघांना एकत्र खेळवून पाहिलं. जमेना. तेव्हा राखीव बाकावर बसायला योकिच स्वतःच तयार झाला. नंबर बघितला तर प्रश्न तिथेच मिटला होता. पण डिसेंबरच्या मध्यावर मलोननी सेंटरची जागा योकिचला दिली आणि नुर्किचला बसवलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये नुर्किच पोर्टलंडला गेला, आणि त्या सौद्यात डेन्व्हरने आपल्याकडची पहिल्या फेरीतली एक निवडही सोडून दिली.