वॅक्सच्या डब्यातलं ताडाचं झाड

गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात काउंटरवर गाडी चमकवायच्या वॅक्सचे, म्हणजे मेणाचे, दोन डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्हींवर ‘कार्नौबा’ असं ठळक छापलेलं. एक पाच-सहाशे रुपयांचा, दुसरा चार-पाच हजारांचा. दुकानदार महागडा डबा पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘यात प्युअर आहे.’ या ‘प्युअर’चा अर्थ काय, आणि रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीला कितीचा डबा पुरतो, हे कळायला आधी हे मेण येतं कुठून आणि गाडीच्या रंगाशी त्याची गाठ कधी पडली, ते पाहावं लागतं.

कार्नौबा हे ताडाच्या कुळातलं झाड. ईशान्य ब्राझीलच्या पिआउई, सेआरा आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या राज्यांत ते नदीकाठाने आपसूक वाढतं. सेआराच्या राजचिन्हातही ते आहे. आपल्याकडच्या ताडासारखीच पंख्याच्या आकाराची पानं. या मुलखात पाऊस वर्षातले चार-पाच महिने पडतो आणि काही वर्षी तोही दगा देतो. उरलेल्या कोरड्या महिन्यांत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. पान वाळलं की हा थर पिठासारखा सुटतो. झाडाने स्वतःला दुष्काळातून वाचवायला केलेली ही तजवीज आपण गाडीच्या बॉनेटवर घासतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातल्या डब्याकडे मी वेगळ्याच नजरेने पाहिलं.

याच ईशान्य ब्राझीलचा काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि तो कोकणचाच होऊन गेला. कार्नौबाचं तसं झालं नाही. व्यापारी प्रमाणात हे मेण आजही ब्राझीलमध्येच तयार होतं.

कापणी कोरड्या हंगामात, म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धात होते. लांब बांबूच्या टोकाला विळ्यासारखं पातं बांधलेलं असतं. आपल्याकडे नारळ-आंब्यासाठी आकडी वापरतात तशी ही चीज. देठांना काटे असतात, आणि वरून कोसळणारं पान अंगावर आलं तर सोलून काढतं. पानं गाढवांवर लादून वाळवणीच्या जागी नेतात, काही दिवस उन्हात पसरतात, मग चिरून-झोडपून त्यांतली पावडर पाडतात. ती वितळवून गाळली की थंड झाल्यावर मेणाचा ठोकळा तयार. न उमललेल्या कोवळ्या पानांचं मेण फिकट पिवळं, त्याला व्यापारात ‘टाइप १’ म्हणतात. उमललेल्या जून पानांचं मेण तपकिरी ते काळपट असतं, त्याला ‘टाइप ३’ आणि ‘टाइप ४’.

या ठोकळ्याचा एक तुकडा मी हाताळला आहे. नखाने ओरखडा उठत नाही, आणि तोडला तर बिस्किटासारखा कडकन तुटतो. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नौबाला ८२ ते ८६ अंश लागतात. जगात त्याला किंमत आली ती या कडकपणामुळे आणि उष्णता सोसण्यामुळेच.

युरोपला या झाडाची ओळख १६४८ मध्ये झाली. पिसो आणि मार्कग्राफ या दोघांनी ब्राझीलच्या निसर्गावर लिहिलेल्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. १८११ मध्ये विल्यम ब्रँड या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या मेणाची तपासणी मांडली. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होत्या मेणबत्त्या. पुढे बुटांचं पॉलिश, फरशीचं आणि फर्निचरचं पॉलिश, टायपिंगचा कार्बन पेपर, औषधी गोळ्यांवरचा चकचकीत थर अशी यादी वाढत गेली. पिआउईमधलं पार्नाइबा हे गाव या निर्यातीवर श्रीमंत झालं. १९३५ मध्ये फरशीचं पॉलिश बनवणाऱ्या अमेरिकेतल्या जॉन्सन कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन ज्युनियर स्वतः सिकोर्स्की बनावटीच्या, पाण्यावरही उतरणाऱ्या विमानाने विस्कॉन्सिनहून सेआरातल्या फोर्तालेझाला गेले. धंदा ज्यावर उभा आहे ते झाड पुढेही पुरेल का, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. विमानाचं नावच त्यांनी ‘कार्नौबा’ ठेवलं होतं.

आता गाडीकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारी बग्गीसारख्याच रंगवल्या जात. ब्रशने व्हार्निशचे थर द्यायचे, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा द्यायचे; एका गाडीला आठवडे लागत. एवढं करून ते व्हार्निश उन्हात पिवळं पडायचं आणि तडकायचं. शिकागोच्या जॉर्ज सायमन्स यांनी १९१० च्या सुमारास कार्नौबा असलेली पेस्ट गाडीसाठी विकायला काढली. तिचं नाव ‘सायमनाइझ’. ते इतकं चाललं की इंग्रजीत गाडी घासून चमकवण्याला तेच क्रियापद झालं.

१९२३ मध्ये ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाने, जनरल मोटर्सची ओकलंड ही गाडी रंगवली गेली. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. पण लॅकरला चमक यायला घासावं लागे आणि ती टिकवायला वॅक्स लागे. गाडीचं वॅक्स हा धंदा म्हणून फोफावला तो इथून पुढे. १९४१ मध्ये शिकागोतच बेन हर्श यांनी बाथटबमध्ये ढवळून बाटलीबंद पातळ पॉलिश तयार केलं. उभ्या गाडीचं एकच मडगार्ड लखलखीत करायचं आणि मालक येईपर्यंत थांबायचं, ही त्यांची विक्रीची तऱ्हा. चमकणाऱ्या एका मडगार्डापुढे बाकीची गाडी मळकट दिसे आणि बाटली खपे. तीच कंपनी पुढे ‘टर्टल वॅक्स’ झाली.

त्या जुन्या रंगाची गरज काय होती, हे माझ्या पिढीने घरात पाहिलं आहे. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती; तिला सगळे फियाटच म्हणत. तिच्या रंगावर वेगळं पारदर्शक कवच नव्हतं, रंगच थेट ऊन खायचा. दोन उन्हाळे गेले की टपावर हात फिरवल्यावर बोटांना खडूसारखी भुकटी लागायची. वडील रविवारी सकाळी पिवळा कपडा घेऊन पॉलिश करायला बसत. पाच मिनिटांत कपडा गाडीच्या रंगाचा होई, कारण वरचा जळलेला रंगच निघून येत असे. त्याखालच्या ताज्या रंगावर मेणाचा थर बसला की गाडी महिनाभर नवी दिसायची. तेव्हा पॉलिश न करणं म्हणजे रंग मरू देणं होतं.

१९८० च्या दशकापासून जगभर बेसकोट आणि त्यावर क्लिअरकोट ही पद्धत रुळली. आज आपल्याकडच्याही बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक कवच असतं आणि अतिनील किरण अडवणारी रसायनं त्यातच असतात. म्हणजे फियाटच्या वेळी मेणाने करायचं मोठं काम आता कवच करतं. मेणाकडे उरलं ते वरवरचं काम: चमकेला खोली देणं, पाणी थेंब होऊन ओघळू देणं, धूळ आणि पक्ष्यांची घाण थेट कवचावर चिकटू न देणं. ही कामं उपयोगाची आहेत, पण त्यांसाठी पाच हजार मोजावे लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

दुकानदाराचं ‘प्युअर’ इथे तपासून पाहा. निव्वळ कार्नौबा गाडीला लावताच येत नाही, कारण तो दगडासारखा कडक असतो. त्याला द्रावक, तेलं आणि मऊ मेणं घालून पातळ करावंच लागतं. डब्यावर ‘१०० टक्के कार्नौबा’ लिहिलं असलं तरी बहुधा त्याचा अर्थ एवढाच, की आत जे काही मेण आहे त्यात दुसऱ्या मेणाची भेसळ नाही. मेण किती आहे हा प्रश्न तसाच राहतो. आणि कार्नौबा हा कच्चा माल म्हणून सोन्याच्या भावाचा नाही. महाग डब्यात पैसे जातात ते सुगंध, लावायची सुलभता, डबा आणि नाव यांसाठी.

कच्चा माल स्वस्त असण्यामागे एक काळी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. पिआउई आणि सेआरात पानं तोडणाऱ्या मजुरांची ब्राझीलच्या सरकारी कामगार निरीक्षकांनी गुलामीसारख्या परिस्थितीतून वेळोवेळी सुटका केली आहे. झाडाखाली झोपणं, गाळल्याशिवाय नदीचं पाणी पिणं, शौचालय नाही. २०१७ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने हे दाखवलं तेव्हा गोंधळ उडाला तो चघळायच्या गोड गोळ्यांवरून, कारण त्यांची चकाकीही याच मेणाची असते. महाग डब्यातले जास्तीचे पैसे त्या मजुराच्या हाती पोचतात असं समजू नये. एखादी कंपनी आपलं मेण कुठून आणि कसं येतं हे उघड सांगत असेल, तर तिच्या डब्याला शंभर रुपये जास्त द्यायला मी तयार आहे.

निवड करताना मी गाडीचं वय आधी पाहतो. कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन दाराच्या आतल्या कडेला घासायचं. कपड्याला गाडीचा रंग लागला तर रंग जुन्या पद्धतीचा. त्याला घासणारं द्रव्य असलेलं ‘क्लीनर वॅक्स’ बरं. रंग लागला नाही आणि गाडी नवी असेल, तर घासणारं द्रव्य नसलेली साधी पेस्ट घ्यावी, नाहीतर दर खेपेला कवच थोडं थोडं झिजतं. दोन-अडीचशे ग्रॅमचा डबा नीट वापरला तर काही वर्षं पुरतो. लोक बोटभर जाड थर देतात आणि मग पुसताना हात दुखतात. स्पंजला जेमतेम लागेल एवढंच घ्यायचं, सावलीत, गार पत्र्यावर. काळ्या प्लास्टिकला लागू द्यायचं नाही, तिथे पांढरे डाग राहतात आणि निघता निघत नाहीत.

असा थर साधारण सहा-आठ आठवडे टिकतो. मुंबईच्या पावसात आणि रोजच्या धुण्यात त्याहून कमी. मी मेच्या शेवटी एक हात देतो आणि दुसरा गणपतीनंतर. बॉनेटवरचं पाणी थेंब न होता चादरीसारखं पसरायला लागलं की डबा पुन्हा बाहेर काढायचा.