मासिमोव्ह, करीम

मासिमोव्ह, करीम : (१५ जून १९६५ – ). कझाकस्तानचे माजी पंतप्रधान व राष्ट्रीय सुरक्षा समितीचे माजी प्रमुख. पूर्ण नाव करीम कझिमकानोविच मासिमोव्ह. जानेवारी २००७ ते सप्टेंबर २०१२ आणि एप्रिल २०१४ ते सप्टेंबर २०१६ अशा दोन कारकिर्दी मिळून त्यांनी आठ वर्षांहून थोडा अधिक काळ सरकार चालवले. स्वतंत्र कझाकस्तानात एवढा काळ हे पद दुसऱ्या कोणाकडेही राहिलेले नाही. जानेवारी २०२२ च्या दंगलींनंतर त्यांना अटक झाली. एप्रिल २०२३ मध्ये देशद्रोह व बळाने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न या आरोपांवरून त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली.

जन्म त्सेलिनोग्राद येथे. याच गावाला पुढे अकमोला, अस्ताना, नूर-सुलतान आणि २०२२ पासून पुन्हा अस्ताना अशी नावे मिळाली. राजधानी तेथे १९९७ मध्ये हलली. मासिमोव्ह यांचे शिक्षण त्या पिढीच्या सोव्हिएत राजकारण्यांपेक्षा वेगळ्या वाटेने झाले. मॉस्कोच्या पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठानंतर ते बीजिंगला चिनी भाषा शिकले, मग वूहान विद्यापीठात कायदा. कझाक, रशियन, चिनी, अरबी आणि इंग्रजी या भाषा त्यांना येतात. सोव्हिएत संघ मोडल्यावर चीनची सीमा उघडली, तेव्हा चिनी बोलणारा आणि कायदा जाणणारा तरुण अधिकारी अल्माटीत (तेव्हाची राजधानी) फारसा सापडत नसे. उरुमची आणि हाँगकाँग येथील कझाक व्यापारी कचेऱ्यांत काम करून ते बँकिंगकडे वळले आणि १९९७ पासून तीन वर्षे सरकारी ‘नारोद्नी’ (आताची हालिक) बँकेचे प्रमुख होते. मुआय थाई (थायलंडची मुष्टियुद्धशैली) हा त्यांचा छंद. या खेळाच्या आशियाई महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

२००० मध्ये ते वाहतूक व दळणवळण मंत्री झाले. त्या सरकारचे पंतप्रधान होते कासिम-जोमार्त तोकायेव्ह. पुढे बावीस वर्षांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून मासिमोव्ह यांची गच्छंती करणारे तेच. मधल्या काळात उपपंतप्रधान (२००१–०३), राष्ट्राध्यक्षांचे सहायक (२००३–०६) आणि पुन्हा उपपंतप्रधान, सोबत अर्थ व अंदाजपत्रक नियोजन खाते, अशा पायऱ्या ते चढले. निवडणुकीच्या मैदानातून ते कधीच वर आले नाहीत. राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव्ह यांचा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते.

*पंतप्रधानपदाचे स्वरूप* : आपल्याकडच्या पंतप्रधानाची प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवून कझाकस्तानातील या पदाकडे पाहिले तर मासिमोव्ह यांची कारकीर्द कळणार नाही. तेथे पंतप्रधान बहुमताच्या पक्षाचा नेता नसतो. मुख्य सचिव आणि अर्थमंत्री यांचे काम एकत्र केल्यासारखे हे पद आहे. मे २००७ च्या घटनादुरुस्तीनंतर नेमणूक अशी होई : राष्ट्राध्यक्ष मजलिसमधील (कनिष्ठ सभागृह) पक्षगटांशी सल्लामसलत करून नाव सुचवत, मजलिस संमती देई, मग राष्ट्राध्यक्षांचा हुकूमनामा निघे. त्यानंतर दहा दिवसांत पंतप्रधानाने मंत्रिमंडळाची रचना आणि मंत्र्यांची नावे राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवायची, सही त्यांची. संमतीचा भाग बहुतांशी उपचाराचाच असे. ऑगस्ट २००७ च्या निवडणुकीत पक्षयाद्यांतून भरायच्या सर्वच्या सर्व ९८ जागा नझरबायेव्ह यांच्या नूर ओतान पक्षाला मिळाल्या होत्या.

खरी मर्यादा जिल्ह्या-प्रांतांत जाणवते. प्रांताचा प्रमुख, म्हणजे अकिम, पंतप्रधान नेमत नाही. तो राष्ट्राध्यक्षांचा माणूस असतो. रस्ता, शाळा किंवा पीककर्जाची योजना अस्तानात ठरते, पैसा पंतप्रधान सोडतात, पण काम रखडले तर अकिमला जाब विचारणारी कचेरी वेगळी : राष्ट्राध्यक्षांचे प्रशासन. पोलीस, गुप्तहेर आणि परराष्ट्र धोरण यांवर तर पंतप्रधानाची नावापुरतीच छाया. उलट अर्थकारण बिघडले की दोष मात्र पहिल्यांदा त्याच्या माथी. पंतप्रधान गेला की अख्खे मंत्रिमंडळ जाते, आणि नाराजी निवळायला एवढे पुरते. मासिमोव्ह यांचे कसब असे, की ही ढाल त्यांनी इतरांपेक्षा जास्त काळ पेलली.

*पहिली कारकीर्द* : दानियाल अख्मेतोव्ह यांनी राजीनामा दिल्यावर १० जानेवारी २००७ रोजी संसदेने मासिमोव्ह यांच्या नावाला मान्यता दिली. तेलाचा भाव चढा होता, अल्माटी आणि अस्तानात क्रेनची गर्दी होती आणि वाढीचा दर ८.९ टक्के होता. घोडे पेंड खात होते ते बँकांमध्ये. खाजगी बँकांनी परदेशातून डॉलरमध्ये स्वस्त कर्जे उचलली होती आणि ती घरबांधणीत लांब मुदतीने गुंतवली होती. ऑगस्ट २००७ मध्ये जागतिक बाजारात पत आटली तेव्हा जुनी कर्जे फेडायला नवी मिळेनात. इमारती अर्ध्यावर थांबल्या. आगाऊ पैसे भरलेली कुटुंबे रस्त्यावर उतरली.

सरकारने राष्ट्रीय निधीतून (तेलाच्या उत्पन्नाची शिल्लक) सुमारे १० अब्ज डॉलर काढले. ऑक्टोबर २००८ मध्ये दोन सरकारी कंपन्या एकत्र करून ‘समरुक-काझिना’ हा निधी उभा केला आणि बँका, घरे, लघुउद्योग यांकडे पैसा त्यातूनच वळवला. फेब्रुवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यात दोन मोठे निर्णय पाठोपाठ आले. बीटीए या मोठ्या खाजगी बँकेतील ७५.१ टक्के हिस्सा समरुक-काझिनाने ताब्यात घेतला. ४ फेब्रुवारीला तेंगे या चलनाचा दर डॉलरला सुमारे १२० वरून १५० वर नेला गेला. घरकर्जे तेव्हा सर्रास डॉलरमध्ये असत. महिन्याला ५०० डॉलरचा हप्ता असलेल्या माणसाला आदल्या दिवशी ६०,००० तेंगे लागत होते, दुसऱ्या दिवशी ७५,०००. पगार मात्र तेंगेतच आणि तेवढाच. बीटीएने एप्रिलमध्ये परकी कर्जाची परतफेड थांबवली. धनकोंना तोटा सोसायला लावून कर्जाची पुनर्रचना झाली, तरी २०१२ मध्ये तीच बँक पुन्हा थकली. बँक वाचवणे आणि बँक सुधारणे यांतला फरक या एका प्रकरणात पुरता दिसतो. वाढीचा दर २००९ मध्ये १.२ टक्क्यांवर आला. आकुंचन मात्र टळले आणि २०१० मध्ये तो ७.३ वर गेला. हे श्रेय मासिमोव्ह यांना द्यावे लागते, अर्थात तेलाचे भाव पुन्हा चढल्याचा वाटा वजा करून.

काशागान या कास्पियन समुद्रातील तेलक्षेत्रावरून परदेशी कंपन्यांशी झालेल्या वादात सरकारी तेलकंपनी काझमुनायगाझचा हिस्सा ८.३३ वरून १६.८१ टक्के झाला, तोही याच काळात (करार जानेवारी २००८). रशिया व बेलारूसबरोबरचा सीमाशुल्क संघ १ जानेवारी २०१० पासून सुरू झाला. डिसेंबर २०११ मध्ये जनाओझेन या तेलनगरीत अनेक महिने संपावर असलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनभराहून अधिक माणसे मेली. समरुक-काझिनाचे प्रमुख, नझरबायेव्ह यांचे जावई तिमूर कुलिबायेव्ह, यांना पद सोडावे लागले, मासिमोव्ह राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनाचे प्रमुख केले गेले. बाहेरून ही पदावनती वाटे. अकिमांचे लगाम ज्या कचेरीत होते तीच हाती आल्यामुळे सत्ता मात्र वाढली.

*दुसरी कारकीर्द* : २ एप्रिल २०१४ रोजी ते परतले. त्यांच्या आधीचे पंतप्रधान सेरिक अख्मेतोव्ह संरक्षणमंत्री झाले, त्याच वर्षी भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकले आणि डिसेंबर २०१५ मध्ये दहा वर्षांची शिक्षा ऐकून तुरुंगात गेले. माजी पंतप्रधानावर खटला चालण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९९४–९७ मधले अकेझान काझेगेल्दिन यांना विरोधात गेल्यावर २००१ मध्ये गैरहजेरीतच दहा वर्षे सुनावली गेली होती.

या वेळी दैव पाठीशी नव्हते. २०१४ च्या उत्तरार्धात तेल कोसळले, पाठोपाठ रूबल घसरला आणि सीमाशुल्क नसल्याने स्वस्त रशियन मालाचा लोंढा आला. मोटारी घ्यायला लोक सरळ सीमेपलीकडे जाऊ लागले. राखीव गंगाजळी खर्चून तेंगे धरून ठेवणे परवडेना. २० ऑगस्ट २०१५ रोजी विनिमय दर मोकळा सोडल्याची घोषणा झाली आणि एका दिवसात डॉलर १८८ वरून २५५ तेंगेवर गेला. जानेवारी २०१६ मध्ये तो ३८० पार झाला. निर्णय योग्य होता, पण उशिरा. राष्ट्रीय बँकेचे प्रमुख कैरात केलिम्बेतोव्ह यांना नोव्हेंबर २०१५ मध्येच पद सोडावे लागले होते.

एप्रिल २०१६ मध्ये पश्चिमेकडील अतिराऊ शहरापासून निदर्शने पेटली ती जमिनीवरून. परदेशीयांना शेतजमीन भाड्याने देण्याची मुदत दहाची पंचवीस वर्षे करणारी दुरुस्ती १ जुलैपासून लागू व्हायची होती. कागदावर हा भाडेपट्टा होता, लोकांनी ‘जमीन चीनला विकली’ असे वाचले. मेच्या सुरुवातीला नझरबायेव्ह यांनी अंमलबजावणी रोखली आणि अर्थमंत्री येर्बोलात दोसायेव्ह यांनी राजीनामा दिला. पुन्हा एकदा किंमत मंत्र्याने मोजली.

भारताशी त्यांचा ठळक संबंध याच कारकिर्दीतला. जुलै २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अस्ताना भेटीत मासिमोव्ह यजमान होते. मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेल्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाने काझातोमप्रोम या सरकारी युरेनियम कंपनीशी २०१५–१९ या काळात ५,००० टन युरेनियम घेण्याचा करार तेव्हा केला. ओएनजीसी विदेशचा हिस्सा असलेल्या कास्पियनमधील सतपायेव्ह तेलक्षेत्रातील खोदाईचा शुभारंभही दोघांनी मिळून केला. त्या क्षेत्रातून ओएनजीसी विदेश पुढे बाहेर पडली.

*सुरक्षा समिती आणि पतन* : ८ सप्टेंबर २०१६ रोजी मासिमोव्ह यांना केएनबी या राष्ट्रीय सुरक्षा समितीचे प्रमुख नेमण्यात आले. ही समिती म्हणजे सोव्हिएत केजीबीची वारसदार. त्या उन्हाळ्यात अक्तोबे आणि अल्माटी येथे सशस्त्र हल्ले झाले होते आणि शेजारी उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष इस्लाम करिमोव्ह नुकतेच वारले होते. योगायोग असा, की नेमक्या त्याच दिवशी ताश्कंदमध्ये जवळपास तेरा वर्षे पंतप्रधान असलेले शौकत मिर्झियोयेव्ह हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. मध्य आशियात पंतप्रधानपदाच्या खुर्चीतून कुठे कुठे जाता येते, त्याची दोन टोके एका तारखेत सापडतात.

मार्च २०१९ मध्ये नझरबायेव्ह पायउतार झाले, तोकायेव्ह राष्ट्राध्यक्ष झाले. देशाच्या सुरक्षा परिषदेचे तहहयात अध्यक्षपद नझरबायेव्ह यांनी स्वतःकडे ठेवले आणि केएनबी मासिमोव्ह यांच्याकडेच राहिली. १ जानेवारी २०२२ पासून जनाओझेनमध्ये मोटारीत भरायच्या एलपीजीचा भाव लिटरला ६० वरून १२० तेंगे झाला. दुसऱ्याच दिवशी तेथे लोक जमले. तीन दिवसांत आंदोलन अल्माटीत पोहोचले, विमानतळ जमावाच्या हाती गेला. एकूण मृतांचा अधिकृत आकडा पुढे २३८ वर गेला. ५ जानेवारीला तोकायेव्ह यांनी सरकारचा राजीनामा घेतला, सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मासिमोव्ह यांना हटवले. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. देशाला ती बातमी ८ जानेवारीला मिळाली. दंगल सुरू असताना अल्माटीतील केएनबीची इमारत तिच्याच माणसांनी सोडून दिली, हा सरकारी आरोपांतला कळीचा भाग.

खटला राज्यगुपिताच्या नावाखाली बंद दाराआड चालला. २४ एप्रिल २०२३ रोजी १८ वर्षांची शिक्षा जाहीर झाली. त्यांच्या काही माजी उपप्रमुखांनाही शिक्षा झाल्या. पुरावा उघड न झाल्यामुळे कट नेमका कोणाचा, कोणासाठी आणि किती खोल, हे बाहेरच्या अभ्यासकाला तपासता येत नाही. ज्यांच्या विश्वासावर ही सगळी कारकीर्द उभी होती, त्या नझरबायेव्ह यांच्यावर या प्रकरणात आरोप ठेवला गेला नाही.