छात्रालय (विदर्भ)

शिक्षणासाठी गाव सोडलेल्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय. सरकारी कागदावर 'वसतिगृह' आणि मुलांच्या तोंडी 'होस्टेल' असले, तरी वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून 'छात्रालय' किंवा 'बोर्डिंग' हेच शब्द येतात. इमारतीपेक्षा तिथल्या जेवणाची आठवण जास्त निघते, आणि तिला कारणही आहे.

नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये स्थापन झाले, अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेजही (पुढचे विदर्भ महाविद्यालय, आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था) त्याच वर्षीचे. कॉलेज आले, पण खेड्यातल्या कुणब्याच्या पोराने शहरात राहावे कुठे आणि खावे काय, हा प्रश्न तसाच राहिला. पापळ गावचे, विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले पंजाबराव देशमुख यांनी 1926 च्या सुमारास अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, ते मुष्टिफंडावर. दळणासाठी ज्वारी काढताना घरच्या बाईने एक मूठ बाजूला टाकायची; साठलेले धान्य छात्रालयाला जायचे. रोख पैसा क्वचितच हाती येणाऱ्या घरालाही हे जमण्यासारखे होते. आर्य समाजाचे संन्यासी स्वामी श्रद्धानंद यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम केले होते, आणि 1927 च्या अमरावतीतल्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यात पंजाबराव पुढे होते. छात्रालयाचे नाव त्याच विचारातून आलेले दिसते.

पुढे विद्यापीठे वाढली. कृषी विद्यापीठ अकोल्यालाच हवे म्हणून 1967 मध्ये मोठे आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे गेली, आणि 1969 मध्ये पंजाबरावांच्याच नावाचे विद्यापीठ तिथे उभे राहिले. शेतकऱ्यांची मुले शेती शिकायला होस्टेलवर राहू लागली. त्यांना शेवटच्या वर्षी 'रावे'साठी (ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी) पुन्हा एखाद्या खेड्यात जाऊन राहावे लागते, ही गंमतच. त्याच 1969 मध्ये सेवाग्रामला सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना आणि नव्या मुलांचे आश्रमातले शिबिर हा शिक्षणाचाच भाग.

होस्टेलची बोली सगळीकडे जवळपास सारखी. खोलीतला सोबती 'पार्टनर', मेसमधली गैरहजेरी 'खाडा', रविवारचे गोडधोड 'फीस्ट'. खोली मिळाली नाही म्हणून मित्राच्या खोलीत गुपचूप राहणारा तो 'पॅरासाईट'. रेक्टरची फेरी निघाली, की त्याच्या गादीची गुंडाळी आधी कॉटखाली जाते. एखाद्या बंद खोलीत भूत आहे ही कथा प्रत्येक होस्टेलवर असते. ती सांगायचे काम सिनिअरचे, आणि ऐकणारा पहिल्या वर्षाचाच हवा. सिनिअरची सगळीच थट्टा मात्र निरुपद्रवी नव्हती. राज्यात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे तो त्यामुळेच.

खेड्यातल्या होस्टेलची खरी ओळख म्हणजे एसटीने येणारा डबा. सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या हाती दिलेला, फडक्यात बांधलेला, फडक्यावर बॉलपेनने नाव आणि खोली नंबर. ठेच्याच्या तेलाने शाई पसरून निम्मे नाव गेलेले असते. स्टँडवर घ्यायला गेलेला पोरगा परतला, की व्हरांड्यातून एकच हाक येते : "डबा आला काय बे?" आणि ज्याचा डबा, त्याच्याच वाट्याला कमी येते. थंडीत कुणाच्या तरी वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी होते. त्या दिवशी मेसला सामूहिक खाडा. उन्हाळ्यात मात्र जेवणापेक्षा कूलरवरून भांडणे जास्त.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या भागांतल्या मुलांना आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचा मोठा आधार. 2018 मध्ये यांतल्या अनेक ठिकाणी मेस बंद करून जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकण्याचे धोरण आले. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांचे म्हणणे सरळ होते : पैसे उशिरा येतात, भूक वेळेवर लागते. अशा वेळी चौघे मिळून खोलीतच भात शिजवतात, आणि घरून आणलेली तांदळाची पिशवी कॉटखाली असते.