मूल नको आहे, तरी साधन का नाही?

१५ ते ४९ वयाची स्त्री. तिला आणखी मूल नको आहे, किंवा निदान दोन वर्षं तरी पाळणा लांबवायचा आहे. दिवस जाण्याची शक्यता आहे, पण दोघांपैकी कुणीच गर्भनिरोधक वापरत नाही. कुटुंबनियोजनाची तिची गरज ‘अपूर्ण’ धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या आकडेवारीनुसार जगात अशा सुमारे १६ कोटी ४० लाख स्त्रिया होत्या.

गोळ्या-निरोध गावोगाव पोचवले की प्रश्न सुटेल, असं वाटतं. प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या गटमाखर संस्थेने २०१६ साली ५२ विकसनशील देशांमधल्या अशा विवाहित स्त्रियांची उत्तरं मांडली, त्यातून वेगळंच दिसलं. साधन मिळत नाही म्हणणाऱ्या फक्त ५ टक्के. २६ टक्के जणींना दुष्परिणामांची धास्ती होती, २४ टक्के जणींचा संबंध क्वचितच येत होता, २३ टक्के जणींच्या बाबतीत त्यांचा स्वतःचा किंवा जवळच्यांचा विरोध होता.

आणखी २० टक्के जणी बाळाला अंगावर पाजत होत्या किंवा बाळंतपणानंतर त्यांची पाळी सुरू झाली नव्हती. खरा धोका इथेच आहे. स्तनपानामुळे गर्भधारणा टळते खरी, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, त्याला रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी अजून आलेली नाही. एक अट मोडली की भरवसा संपला. पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे पाळीची वाट पाहणारीला पाळी न येताच दिवस जाऊ शकतात. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. ती वेळ हुकली तर चार आठवडे थांबावं लागतं. म्हणून हे बोलणं गरोदरपणातल्या तपासणीतच व्हायला हवं.

दुष्परिणामांच्या भीतीला ‘काही होत नाही’ हे उत्तर नव्हे. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने सुरुवातीला अवेळी रक्तस्राव होतो, पुढे अनेकींची पाळी थांबते. घाण रक्त आत साचतं, हा समज चूक आहे. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, म्हणून बाहेर पडायला फारसं काही नसतंच. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला मात्र उशीर होतो, शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी १० महिने. लवकर मूल हवं असणारीला हे आधी सांगितलं, तर ती तांबी निवडू शकते. तांबी काढताच गर्भधारणा शक्य होते.