पगार आटले, ब्रॉडबँड वाढलं

हात आखडता घ्यायची वेळ आली की महिन्याच्या हिशेबातल्या एकेका खर्चावर काट बसते. डिसेंबर 2007 ते जून 2009 या मंदीत अमेरिकेतल्या असंख्य घरांत हेच झालं. पण प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत घरी ब्रॉडबँड असलेल्या प्रौढांचं प्रमाण मे 2008 मधल्या 55 टक्क्यांवरून एप्रिल 2009 मध्ये 63 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. दर उतरले म्हणावं, तर तसंही नाही. सरासरी मासिक बिल साडेचौतीस डॉलरवरून 39 डॉलरवर चढलं होतं. वर्षभरात केबल टीव्ही किंवा मोबाइलचा खर्च कमी केल्याचं 22 टक्के लोकांनी सांगितलं, इंटरनेटचा मात्र फक्त 9 टक्क्यांनी.

ब्रॉडबँड आधीपासूनच वाढत होतं, त्यामुळे सगळं श्रेय मंदीला देता येणार नाही. पण ओढाताणीतही लोकांनी ते का घेतलं, हे समजायला डायल-अप, म्हणजे फोन लावून जोडायचं जुनं इंटरनेट, आठवावं लागतं. त्यात मोडेम माहितीचे आवाज करून ते फोनच्या तारेवरून पाठवायचा, म्हणजे इंटरनेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. नोकरी गेलेला माणूस जाहिराती शोधत बसला असताना मुलाखतीचं बोलावणं आलं, तर पलीकडच्याला एंगेज टोनच ऐकू येणार! वेगही सेकंदाला जास्तीत जास्त 56 किलोबिट. पाच मेगाबाइटची फाइल यायला जवळजवळ बारा मिनिटं लागत. सेकंदाला दोन मेगाबिटच्या ब्रॉडबँड जोडणीवर वीस सेकंद.

एडीएसएल या ब्रॉडबँडच्या प्रकाराने फोनची तीच तांब्याची तार वापरून ही अडचण सोडवली. बोलण्याला साधारण चार किलोहर्ट्झपर्यंतच्या फ्रीक्वेन्सीची जागा पुरते. माहिती त्याच्या बरीच वर, पंचवीस किलोहर्ट्झच्या पुढे धावते, आणि एक छोटासा फिल्टर दोन्ही वेगळं ठेवतो. फोनही चालू, शोधही चालू. शिवाय बिल ठरावीक. तास वाढले तरी खर्च तेवढाच. बाहेरची करमणूक परवडेनाशी झाली की संध्याकाळही त्याच बिलात निघते.

मला यातला एक आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. वर्षाला 20 हजार डॉलर किंवा त्याहून कमी उत्पन्न असलेल्या घरांत ब्रॉडबँडचं प्रमाण त्याच वर्षभरात 25 वरून 35 टक्क्यांवर गेलं. ज्यांना एकेक डॉलर मोजून खर्चावा लागतो, त्यांनीही ब्रॉडबँड गरजेच्या यादीत घेतलं. पण त्याच गटातल्या उरलेल्या 65 टक्क्यांकडे ते नव्हतंच, आणि नोकरीचे अर्ज तर एकामागून एक ऑनलाइन होत होते. त्यांच्यातल्या कित्येकांना सार्वजनिक ग्रंथालयातला संगणक गाठावा लागे, आणि वेळ संपली की अर्धा भरलेला अर्ज सोडून उठावं लागे.