रक्तातली बुरशी : आयसीयूबरोबर वाढत गेलेला आजार

ठाणे-नवी मुंबईत बुरशीचा आजार म्हटलं की लोकांना अजून २०२१ मधला म्युकर (काळी बुरशी) आठवतो. नाक, डोळा, जबडा आणि अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी इंजेक्शनसाठी नातेवाइकांची झालेली वणवण. रक्तातली बुरशी हे प्रकरण वेगळं. तिच्यामागे बहुतेक वेळा कँडिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी असते. एरवी ती आपल्या आतड्यात निमूट राहते.

ती रक्तात शिरते उपचारांच्याच वाटेने. १९४० च्या दशकानंतर अँटिबायोटिक्स सर्रास झाली. आतड्यातले जंतू मेले की कँडिडाला रान मोकळं. मग मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन आली, १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिरेतून पूर्ण पोषण देणं सुरू झालं, पुढे केमोथेरपी, स्टिरॉइड, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी एनआयसीयू. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात होतं तसं अस्थिमज्जा प्रत्यारोपण घ्या : काही दिवस पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर येतात. हे उपचार जीव वाचवतात, आणि त्याच काळात बुरशीला दार उघडं राहतं.

औषधांत आधी अँफोटेरिसिनच होतं. थंडी वाजवणारं, किडनीला जड. १९९० च्या सुमारास फ्लुकोनॅझोल आलं, गोळीत मिळणारं आणि सोसायला सोपं. ते भरपूर वापरलं गेलं, आणि त्याला न जुमानणाऱ्या प्रजाती पुढे आल्या. भारतातलं चित्र पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा निराळं निघालं. २०११-१२ मध्ये देशातल्या २७ आयसीयूंत झालेल्या अभ्यासात कँडिडाच्या प्रजातींपैकी अल्बिकन्स नव्हे, तर ट्रॉपिकॅलिस सर्वाधिक सापडली. कँडिडा ऑरिस या आणखी एका प्रजातीची नोंद २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून झाली. २०१३ मध्ये दिल्लीतून तिच्या रक्तातल्या संसर्गाची माहिती प्रसिद्ध झाली. बहुतेक ऑरिस फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, खाटेच्या कठड्यावर टिकते आणि लॅबमधल्या जुन्या यंत्रांत दुसऱ्याच नावाने निघते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वांत धोकादायक चार बुरशींत धरलं.

म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘यीस्ट’ छापून येणं मला अपुरं वाटतं. प्रजाती कळायलाच हवी. ठाण्याजवळच्या दिवा इथल्या छोट्या नर्सिंग होममध्ये रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघण्यासाठी, बाटल्यांत घेतलं जातं, बाटल्या बाहेरच्या लॅबमध्ये जातात आणि बुरशी वाढून रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस किंवा जास्तही लागतात. तेवढ्यात पेशंट मोठ्या हॉस्पिटलात शिफ्ट होतो आणि रिपोर्ट जुन्याच फायलीत पडून राहू शकतो. शिफ्ट करताना ‘कुठलं कल्चर बाकी आहे?’ हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. त्यात कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण जवळपास निम्म्या रुग्णांत ते बुरशी पकडतच नाही.

निदान झालं की शक्य असेल तर सेंट्रल लाइन काढतात, एकायनोकँडिन या बुरशीविरोधी गटाचं इंजेक्शन सुरू करतात आणि डोळ्यांचा पडदा तपासतात, कारण बुरशी तिथेही जाऊन बसते. ताप उतरला की घरचे डिस्चार्ज मागतात. पण गुंतागुंत नसली तरी औषधाचे १४ दिवस मोजायचे ते ताप गेल्यापासून नव्हे, रक्ताचं कल्चर पहिल्यांदा स्वच्छ आलं त्या दिवसापासून.